हात न जोडणारी राणी

वडशाच्या एका राईस मिलच्या गोदामात मी स्कॉटलंडची राणी झाले, आणि राणी होऊन तीन दिवस होत नाहीत तोच माझं राज्य जायची वेळ आली. कारण अगदी साधं होतं. मी हात जोडायला तयार नव्हते.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर लागतो. गावोगावची मंडळं वडशाला येऊन नाटकं ठरवतात आणि मग होळीपर्यंत आम्ही रोज नव्या गावात. तालमी जेमतेम चार दिवसांच्या. त्या वर्षी नवा धान यायला अवकाश होता, म्हणून आमच्या नाटक कंपनीच्या मालकांनी ओळखीच्या मिलवाल्याचं रिकामं गोदाम तालमीला मिळवलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यात कोंड्याचे ढीग तसेच होते आणि दर दोन वाक्यांमागे कुणीतरी शिंकायचं.

या धंद्यात मी तोवर दहा वर्षं काढली होती. नायिकेची बहीण, नायिकेची मैत्रीण, एकदा तर नायिकेची आई, तीही माझ्याहून मोठ्या नायिकेची. त्यामुळे बरोबरीच्या राणीचं काम मिळालं तेव्हा मी हुरळून गेले. माझा राग नाकावर असतो असं सगळे म्हणतात, खोटं नाही, पण ते तीन दिवस मी शहाण्यासारखी वागत होते.

नाटक लिहिलं होतं आमच्या मास्तरांनी. ते शाळेत इतिहास शिकवायचे आणि सुट्टीत आमच्यासाठी लिहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवून गोष्ट सांगितली.

"साडेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एक इंग्लंडची राणी आन् एक स्कॉटलंडची. नात्यातल्याच. इंग्लंडवालीच्या आत्याची नात म्हणजे ही दुसरी. दोघींचा देव एक, ग्रंथ एक. पण एक प्रोटेस्टंट आन् एक कॅथलिक. पूजा कशी कराची यावरून तिकडं माणसं जिवंत जाळली. स्कॉटलंडवाली पळून हिच्या आसऱ्याले आली, तं हिनं तिले एकोणीस वर्षं कैदेत ठेवलं आन् मंग मुंडकं उडवलं."

"या दोघी समोरासमोर बसून बोलल्या नाईत का कधी?" मी विचारलं.

"भेटल्याच नाईत. जन्मात एकदाबी नाई. नुसती पत्रं."

"मंग तिसऱ्या अंकात आमची भेट कशी?"

"ते मी घातलं," मास्तर म्हणाले. "भेट नाई दाखवली तं लोकं खुर्च्या मोडतीन."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी नाटकात नव्हती. दोन्ही राण्या म्हणे केसांचे टोप घालायच्या. स्कॉटलंडवालीचं मुंडकं जल्लादानं केसांना धरून उचललं, तर त्याच्या हातात नुसता टोप राहिला आणि खाली पांढऱ्या बारीक केसांचं डोकं. लोक हसतील म्हणून मास्तरांनी ते गाळलं होतं. आम्हीही हसलो. इंग्लंडची राणी तेवढी हसली नाही.

ती राणी म्हणजे आमच्या बाई. कंपनीत त्यांना सगळे बाईच म्हणायचे. तीस वर्षांचा अनुभव, आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसानं चहाचा कप खाली ठेवावा. मेकअपला त्या ताडपत्री लावून एकट्या बसायच्या, आत कुणाला जाऊ द्यायच्या नाहीत. आणि नाटकाआधीचा नारळ त्यांच्या हातचा. नटराजाच्या फोटोपुढे उदबत्ती लागायची, सगळे हात जोडून उभे राहायचे आणि बाई नारळ फोडायच्या. मागं एकदा घाईत तो नारळ राहिला होता. त्याच पहाटे परतीच्या वाटेवर गाडी उलटली आणि ऑर्गन वाजवणारा त्यांचा सख्खा भाऊ गेला. हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं, मलाही. म्हणून त्यांच्या नारळाची मी कधी थट्टा केली नाही.

पण मी हातही जोडले नव्हते. आमच्या घरात आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातले देव नदीला पोचवले. वडील ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कामाला, क्वार्टरमध्ये बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. मी नाटकात जाते म्हटल्यावर सगळे नातेवाईक उठले, वडील तेवढे बसून राहिले. म्हणाले, "जा. पण पोटासाठी देवापुढं हात नको जोडू." मी हो म्हटलं आणि दहा वर्षं निभावलं. पूजेच्या वेळी माझी कानातली सापडायची नाहीत, नाहीतर साडीचा काठ उसवायचा. कुणाचं लक्ष नसायचं. नायिकेच्या मैत्रिणीकडे कोण बघतं?

राणीकडे मात्र सगळे बघतात. मालकांच्या मनात आलं की यंदा दोन राण्यांनी जोडीनं नारळ फोडायचा, फोटोही चांगला येईल. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते सांगितलं आणि मी तिथल्या तिथे नाही म्हणाले. कारणही सांगितलं. कानातली शोधायचा कंटाळा आला होता मला.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं, फोडू नको. हात तं जोडशील?"

"नाई, बाई."

"काऊन वो? चौथ्या अंकात त्या क्रॉसपुढं तं मस्त हात जोडतेस. डोळ्यातून पाणी काढतेस. मंग आमच्या देवानं तुयं काय घोडं मारलं?"

"ते नाटक आहे."

"मंग हेबी नाटकच समज."

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न चोख होता. बाई मालकांकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्या मंडळांची लोकं रंगीत तालीम पाहाले येतीन. नारळ फुटते तवा हिनं हात जोडले तं ठीक. नाई तं ही राहीन, नाई तं मी राहीन." मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की कोण राहणार हे विचारायची गरज नव्हती.

संध्याकाळी मी मिलच्या फाटकाशी उभं राहून वडिलांना फोन लावला. मनातून मला वाटत होतं की ते म्हणतील, जोड बाई, एवढं काय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अट मी टाकली तवा तू बावीस वर्षांची होतीस," ते म्हणाले. "आता तुयं तू पाह्य. जोडाचे असन तं जोड. पण माया नावानं नको जोडू, आन् माया नावानं नको थांबू."

मला त्यांचा भयंकर राग आला. ओझं उतरवून घ्यायला गेले तर त्यांनी ते नीट बसवून परत माझ्याच डोक्यावर ठेवलं. त्यांची अट होती तोवर बरं होतं, नाही म्हणायला वडील होते. आता जे काय ते माझं मला ठरवायचं होतं. तिथेच उभ्या उभ्या मला बाईंच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. त्या क्रॉसपुढे मी हात जोडायचे ते त्या राणीचे. तिनं त्यासाठी मान दिली होती, तर निदान तेवढे तरी मनापासून जोडावेत. नटराजापुढे जोडायचे ते हात माझे होते, आणि माझ्या मनात काही नसताना ते जोडणं म्हणजे बाईंच्या मेलेल्या भावाशीही खोटं बोलणं. हे सगळं छान होतं, पण सुचलं उशिरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूजा झाली. मंडळांची माणसं पोत्यांवर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा चोळत होती. मी राणीच्या वेशात सगळ्यांबरोबर उभी राहिले, हात मात्र खाली. बाईंनी ते पाहिलं, नारळ एका फटक्यात फोडला आणि मालकांना म्हणाल्या, "तालीम होऊ द्या. मंग हिले स्टेशनावर सोडून द्या." पाहुणे बसलेले होते आणि दुसरी राणी आणायची कुठून, म्हणून तेवढी तालीम माझ्या वाट्याला आली.

शेवटचंच काम म्हणून मी जीव ओतून केलं. तिसरा अंक आला. जंगलात वादळ आणि त्यात दोन राण्यांची भेट. वादळासाठी लाईटवाल्यानं गोदामातला मोठा पंखा आणून ठेवला होता, बटाट्याच्या पोत्याएवढा. त्यानं तो पूर्ण जोरात सोडला आणि पाठीमागे कोंडा आहे हे विसरला. क्षणात इंग्लंड आणि स्कॉटलंड दोन्ही कोंड्यात बुडाले. मी शिंकले. डोळे उघडले तर बाईंचा तांबूस टोप हवेतून जाऊन पोत्यांपाशी पडला होता.

खाली डोकं जवळजवळ उघडं होतं. तुरळक पांढरे केस, कडेला पिना टोचून टोचून पडलेले डाग. ताडपत्रीआड त्या एकट्या का बसायच्या ते मला तेव्हा कळलं.

पहिल्यांदा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. जी मला स्टेशनावर सोडायला निघाली होती तिची अशी फजिती, तीही मी काही न करता. पोत्यांवर कुणीतरी हसायला तोंड उघडलं. मग मी बाईंकडे पाहिलं. टोपाकडे धावत जावं की तोंड झाकून आत जावं हे त्यांना समजत नव्हतं. ज्या बाईला आयुष्यात कधी वाक्य आठवावं लागलं नाही, ती वाक्य शोधत होती.

माझ्या खांद्यावर राणीचा शेला होता. मी पुढे झाले, तो काढला आणि त्यांच्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. नाटकात मी त्यांना "भगिनी" म्हणायचे. त्या वेळी ते कुठलं आठवायला.

"बाई, वारा लई सुटला," मी म्हटलं. "डोकं झाका."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा तो आवाज आला, मास्तरांच्या एकाही कागदावर नसलेल्या वाक्यासह.

"मले झाकलं. आता तुले थंडी वाजन त्याचं काय?"

"मले कैदेची सवय आहे," मी म्हणाले.

पोत्यांवरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, हे लिहिलेलंच आहे. आम्ही पुढची वाक्यं धरली आणि चौथ्या अंकात ठरल्याप्रमाणे माझं मुंडकं उडालं.

तालीम संपल्यावर मी पिशवी भरत होते. पलीकडे मंडळवाले मालकांना तारखा मागत होते आणि त्यातला एक बजावत होता, शेल्याचा सीन पाहिजेच, तो गाळाल तर नाटक नको. मास्तर डोक्याला हात लावून बसले होते. भेट त्यांनी घातली ती घातली, आता वर शेलाही आला. मालक ताडपत्रीजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "बाई, तिले स्टेशनावर सोडू ना?"

"कोणाले?" आतून आवाज आला.

मालक तसेच परत आले. मी पिशवी उघडून कपडे पुन्हा बाहेर काढले. मला रडू आलं आणि त्याचं खापर मी कोंड्यावर फोडलं. पण बाई माझ्याशी काही बोलल्या नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढचा आठवडाभरही नाही. काम राहिलं होतं, पण नारळाचं काय, हे तसंच लोंबकळत होतं.

पहिला प्रयोग आरमोरीच्या पुढच्या एका गावात होता. दिवस मावळायच्या आत आम्ही पोचलो. शंकरपटात धावलेल्या बैलांची धूळ अजून खाली बसायची होती. पूजा मांडली गेली. मी हात खाली ठेवून सगळ्यांच्या मागे उभी राहिले. बाईंनी एकटीनं नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे करून वाटत वाटत त्या शेवटी माझ्यापाशी आल्या. मी मनातल्या मनात नकाराचं वाक्य नीट जुळवून ठेवलं होतं, या वेळी तरी सभ्य.

"हा प्रसाद नाई," त्या म्हणाल्या. "खोबरं आहे. चार अंक बोलाचं आहे, घसा कोरडा पडते. खा."

मी हात पुढे केला आणि खाल्लं. बाईंनी ताडपत्री बाजूला करून मला आत यायची खूण केली. आत त्या खुर्चीवर बसल्या, डोक्यावरचा रुमाल काढला आणि पिनांची डबी माझ्या हातात दिली.

"त्या दिवशी मीच ढिल्या लावल्या होत्या," त्या म्हणाल्या. "आता तू लाव. घट्ट लाव, पण टोचू नको."

मग त्यांनी माझ्यापुढे मान वाकवली. मी खोबरं चावत चावत एकेक पिन लावत गेले.