रापणीचा वाटा आणि माझी वकिली

"वकीलसाहेब, पुढचा प्रश्न?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी कोट सावरला. प्रश्न नव्हताच.

माझं शिक्षण सांगतो, म्हणजे घोळ कळेल. मुंबईला लॉ कॉलेजात एल.एल.बी. झालो, तेही दुसऱ्या खेपेला. सर्टिफिकेटाला फ्रेम केली आणि मालवणात अण्णा वकिलांचा ज्युनिअर झालो. अण्णांची प्रॅक्टिस दिवाणी, म्हणजे जमिनीचे, बांधाचे तंटे. माझं काम तारखा मागणं आणि त्यांची छत्री सांभाळणं. फौजदारी केस मी फक्त पुस्तकात पाहिली होती. तेवढ्यात अण्णा तापाने आडवे झाले आणि त्यांच्या ओळखीच्या भिकूची केस माझ्या गळ्यात पडली.

आरोप असा, की पहाटे माडाच्या बागेत भिकूने सखारामचं डोकं काठीने फोडलं. भिकू म्हणे, मी घरी झोपलो होतो. पण बायकोशिवाय साक्षीला कोण? शिक्षा झाली असती तर तुरुंगच. ती बायको कोर्टाच्या पायरीवर बसून होती. मी आत जाताना म्हणाली, "वकीलानू, माज्या घोवाक सोडवा. घरात दुसरो कमावतो नाय." मी मुरलेल्या वकिलासारखी मान हलवली.

सखारामची साक्ष पक्की होती. पहाटे मार बसला, उन्हं चढेपर्यंत तो बागेत बेशुद्ध. शेवटी कळवळून म्हणाला, "त्या सकाळी रापणीक बांगडे लागलले. माजो वाटो घराक इलो, पण माका घास गिळवलो नाय."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. त्या दिवशी ते पहाटे टाकून उन्हं चढायच्या आत ओढलं होतं. दोर ओढणाऱ्याला माशांचा वाटा मिळतो. न ओढता वाटा घेणाऱ्याची गावात छी-थू होते.

मग माझी उलटतपासणी, म्हणजे प्रश्न विचारून साक्षीदाराला खोटं पाडायचं काम. पाठ केलेले प्रश्न संपले आणि मॅजिस्ट्रेटसाहेब पुढचा प्रश्न मागू लागले. काही सुचेना, म्हणून कुचकटपणे विचारलं, "म्हणजे दोर न ओढताच वाटा घेतलात?"

सखाराम भडकला. "फुकटचो वाटो खाणारो मी न्हय! रापण वर येयसर दोर सोडूक नाय मी! इचारा कोणाकय!"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मला काहीच उमगलं नव्हतं. टोमणा फुकट गेला असं वाटून मी पुन्हा तोंड उघडलं.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "आता बसलात तरी चालेल."

मी बसलो. खुर्चीला टेकल्यावर डोक्यात उजेड पडला. बागेत बेशुद्ध पडलेला माणूस रापण ओढील कसा? डोकं कशाने फुटलं ते देव जाणे, भिकू सुटला.

बाहेर त्याची बायको रडत होती. मी तिला कायद्याचं कलम समजावायला लागलो.

"कायदो माका कळना नाय," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमी येळार बसलास, म्हणान घोव सुटलो."

तिथून पुढे फौजदारी कामं येत राहिली. आता माझे ज्युनिअर विचारतात, वकिली कुठे शिकलात? मी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवतो. बोलायचं तिथे शिकलो. बसायचं मालवणच्या कोर्टात.