पाण्यात उतरलेल्यांचा वाटा

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. नोकरीत मी चोर पकडले, खुनी पकडले. त्यांच्यापैकी कोणी समोर आला तर मी सरळ डोळ्यांत पाहीन. मात्र एका निर्दोष मुलीसमोर उभे राहायची मला लाज वाटते.

निवृत्ती जवळ आली होती. भंडाऱ्याजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एके दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराने फोन दिला. पलीकडच्या माणसाने नाव सांगितले नाही. "ढिवर मोहल्ल्यात कॉलेजचे पैसे घरोघरी वाटून राहिले जी. पाहा जरा." दुपारी त्याच कॉलेजच्या प्राध्यापकांचा चौकशीसाठी लेखी अर्जही आला.

प्रकरण असे होते. पर्यावरण शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांना गावच्या तलावावर काम शिकण्यासाठी एका संस्थेने मानधन देऊ केले होते. तलावात माजलेली बेशरमची झुडपे उपटायची आणि देशी पाणवनस्पती लावायच्या. त्यांतली एक मुलगी त्याच गावच्या ढिवर मोहल्ल्यातल्या मासेमाराची, घराण्यातून कॉलेजात गेलेली पहिलीच. पहिला हप्ता तिच्या खात्यात आला आणि तिने तो काढून गावात वाटून टाकला. मानधन ज्याच्या नावावर, त्यानेच ते वापरायचे, अशी अट होती. चौकशीत काही निघाले तर तिची जागा जाणार होती, आणि तिचे पुढचे शिक्षण त्याच पैशावर अवलंबून होते.

पोलिसी डोक्याला अशा ठिकाणी आधी दलाल दिसतो. पोरांच्या खात्यात पैसे यायचे आणि मधल्याने ते रोखीने परत घ्यायचे, असले प्रकार मी पाहिले होते. मुलगी कोणाला तरी पाठीशी घालते आहे, अशी माझी खात्री झाली.

मुलीला ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला शिपायाला घेऊन मी जबाब नोंदवायला तिच्या घरी गेलो. नियमात कुठेच चूक नव्हती. पण गाडी अंगणाला लागली आणि अख्खा मोहल्ला गोळा झाला.

"पैसे कोणाला दिले?"

"सगळ्यायले देले जी. सारेच उतरले होते ना पाण्यात."

"वाटायला कोणी सांगितलं?"

"कोनं सांगाचं? जो पाण्यात उतरला त्याचा वाटा असतेच."

"नाव तुझं, पैसा तुझा. मग गावाले कायले?"

मीच काहीतरी खुळ्यासारखे विचारले, अशा नजरेने ती बघत राहिली. मी आवाज चढवला. तिचा बाप हात जोडून पुढे आला. "काय विचाराचं ते विचारा जी. पन गाडी जराशी तिकडे लावा. लोकं पाहून राहिले."

मी गाडी हलवली नाही. लोक बघत असले की माणूस लवकर बोलतो, हा माझा जुना हिशेब.

दुसऱ्या दिवशी तलावावर गेलो. काम कागदावरच झाले असेल, असे धरून गेलो होतो. तर अर्धा तलाव मोकळा झालेला आणि कमरेइतक्या पाण्यात बाया-माणसे झुडपे उपटत होती. खातरजमा म्हणून मी बूट काढून उतरलो आणि एक झुडूप ओढून पाहिले. हलेना. दोन बाया मदतीला आल्या तेव्हा कुठे मूळ सुटले. एकट्या मुलीच्या हातून हे होणारच नव्हते.

पलीकडे जाळे ओढून झाले होते. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक म्हातारा मासळीचे सारखे ढीग लावत होता. जाळे ओढणाऱ्यांचे वाटे, डोंग्याच्या, म्हणजे होडीच्या, मालकाचा वाटा, तापाने घरी पडलेल्याचाही वाटा. सगळे उचलून झाले आणि एक ढीग उरला.

"हा कोणाचा?" मी विचारले.

मुलीचा बाप माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमचा जी. तुमी बी उतरले ना पान्यात."

मी नको म्हणालो. म्हातारा म्हणाला, "मंग राहू द्या पाळीवर. दुसऱ्या कोनाले नाही देता येत."

मी मोहाडीच्या विणकर घरातला. आमच्याकडे आई दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि मजुरी बापाच्या हातात पडायची. त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नव्हते. त्या मुलीने मात्र पहिल्या कमाईतच कोणाला वगळले नव्हते, आणि मी तिच्या दारात गाडी लावून आलो होतो.

गैरव्यवहार निष्पन्न होत नाही, असा अहवाल मी दिला. प्राध्यापक ओशाळून म्हणाले, "साहेब, पोलीस चौकशी लागली म्हणताच संस्थेने हात काढून घेतला. आता चौघांनाही मानधन नाही."

पुढे ती मुलगी ठाण्यात आली, चारित्र्य पडताळणीसाठी. वरठीकडच्या कारखान्यात ठेक्यावर काम मिळत होते. मी कॉलेजचे विचारले.

"सोडलं जी."

वर्तणुकीच्या रकान्यात मी 'चांगली' लिहून सही केली. ते वाचून ती म्हणाली, "साहेब, हे मोहल्ल्यात येऊन सांगता का जी? माह्या बाबाले बरं वाटन."

मी गेलो. वर्दीत, त्याच अंगणात उभा राहून मोठ्याने सांगितले की या मुलीने कोणताही गुन्हा केलेला नाही. ऐकायला शेजारच्या दोन म्हाताऱ्या होत्या. बाकीची दारे उघडी होती, पण कोणी बाहेर आले नाही. संशय घेऊन पोलीस दारात आला की सगळे गाव बघते, आणि तो संशय मागे घ्यायला आला तर कोणाला सवड नसते, हे मला या प्रकरणाने शिकवले. तिच्या बापाने मला बसायला खाट टाकली. मला त्या खाटेवर बसवेना.