सरांनी विकलेले शेअर

इंगळे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्वेनगरला बँकेच्या रांगेत उभी होते. तशीच रिक्षा केली आणि धायरीत त्यांच्या दारापर्यंत रडत गेले. आज दीड महिना झाला. तेवढ्या मोकळेपणानं आता रडू येत नाही...

सर मूळचे अमरावतीकडचे, आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे; मी तिथे ग्रंथपाल. निवृत्तीनंतर आम्ही पाच जण रविवारी सकाळी त्यांच्याकडे कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला जमायचो. वर्षातून एखादी खरेदी, विक्री त्याहून कमी, हा सरांचा शिरस्ता. "भाव पडला म्हणून विकायचं नाही. ज्या कारणानं घेतला ते कारण संपलं, तरच विकायचं," हे ते इतक्यांदा सांगत, की आम्ही हसायचो.

दोन वर्षांपूर्वी पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा भाव घसरू लागला. माझी निम्मी पुंजी त्यात होती. घाबरून सरांना फोन केला.

"काहून विकता, बाई? कंपनी तीच आहे ना?"

मी थांबले. वर्षभरात कंपनी बुडाली. लिफ्टच्या इमारतीत घर घ्यायचा बेत मोडला. आमचे हे दुखऱ्या गुडघ्यांनी अजून तीन जिने चढतात. सरांना मी चकार शब्दानं दोष दिला नाही. त्यांचंही गेलं असणार, म्हणून उलट त्यांचीच समजूत काढत राहिले. ते खाली मान घालून चहा पीत.

तेराव्यानंतर वहिनींनी, सरांच्या पत्नींनी, कागदपत्रं लावायला बोलावलं. त्यात सरांनी ते शेअर विकल्याची पावती निघाली, माझ्या फोनच्या चार दिवस आधीची. सोबतच्या अहवालात, समासात, त्यांचं बारीक अक्षर... ‘मालकांनी स्वतःचेच शेअर गहाण टाकलेत. कारण संपलं.’

"तुम्हाला बोलले नव्हते?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"बाईंना सांगतो, म्हणत होते. मग म्हणाले, आता उशीर झाला, कोणत्या तोंडानं सांगू..."

पैशांचं दुःख मी केव्हाच गिळलं होतं. मी समजूत काढत होते आणि ते ऐकून घेत होते, हे मात्र गिळता येत नाही.

तरी त्यांची रीत मी सोडलेली नाही. ती खरीच आहे. गेल्या आठवड्यात एका अहवालात काही खटकलं, विकायचं ठरवलं. आधी बाकीच्या चौघांना फोन केले. मग विकले.