ऑकलंडला पोचायला लागलेला वेळ

उजळाईवाडीच्या विमानतळाबाहेर रिक्षावाल्यानं माझी बॅग उतरवत विचारलं, "पावणं, लांब निघालासा?"

"न्यूझीलंडला. मुंबईपासनं बारा हजार किलोमीटर."

"आयला! मग पोचणार कवा?"

"उद्या."

"उद्याच? मग जवळच की!" तो मोठ्यानं हसत निघून गेला.

मी पेठ वडगावात सायकली दुरुस्त करतो. थोरला भाऊ सलीम सव्वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी ऑकलंडला गेला आणि तिथलाच झाला. तो दोनतीनदा येऊन गेला. मी कधीच गेलो नाही. आता त्याचं हृदय थकलं, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा जमिलाभाभीनं मला बोलावून घेतलं.

मुंबईहून सिंगापूरला उतरलो तेव्हा सकाळ होती. जाड गालिच्यावरून माणसं आवाज न करता ये-जा करत होती. एका कोपऱ्यात 'कोपी' (दाट गोड दुधाची कॉफी) घेऊन बसलो, तोच भाभीचा फोन आला.

"रफिक, तुझा भाई पहाटे गेला." मग म्हणाली, "हितली माणसं आजच दुपारच्या नमाजनंतर दफन करूया म्हणत्यात. तू रातच्याला पोचणार. उद्यापत्तर थांबवू का?"

आमच्यात मयत ताटकळत ठेवत नाहीत.

"थांबू नका, भाभी."

"नक्की?"

"व्हय."

फोन ठेवल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटलं. आसपास माझी भाषा कळणारं कुणी नव्हतं. कॉफी तशीच टाकून मी पुढच्या विमानाच्या रांगेत उभा राहिलो.

पुढचा प्रवास दहा तासांचा. समोरच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर उतरत होते. ऑकलंडात दुपार टळली, तेव्हा खाली ऑस्ट्रेलियाची तांबडी, ओसाड जमीन होती. मी बसल्या जागी हात उचलून दुआ मागू लागलो. शेजारच्या पिकल्या केसांच्या गोऱ्या बाईनं माझ्यासमोरचा जेवणाचा ट्रे हळूच आपल्याकडं ओढून घेतला आणि माझं होईपर्यंत धरून ठेवला.

"फॅमिली?" तिनं विचारलं.

"ब्रदर."

तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबरीवर गेलो. माती अजून ओली होती. घरी भाभीनं भाजलेला कुमारा (तिकडचं रताळं) वाढला.

"वरची खोली त्येनं तुझ्यासाठी रंगवलती," ती म्हणाली.

"कवा?"

"घर घेतलं त्याच वर्षी. पोरं अजून 'चाचाची खोली' म्हणत्यात."

त्या खोलीत मी आठ दिवस राहिलो. भिंतीचा निळा रंग खिडकीकडच्या बाजूला फिका पडला होता.

परत आल्यावर लोक विचारतात, ऑकलंड किती लांब आहे? मी सांगतो, एक दिवस लागतो. सव्वीस वर्षांत तो एक दिवस मी काढला नाही, एवढं मात्र कुणाला सांगवत नाही.