मानाची रांग

काकूंचं निम्मं आयुष्य रांगेत गेलं. दवाखान्याची रांग, बँकेची रांग, मुलीच्या शाळेच्या फीची रांग. आणि प्रत्येक रांगेत कुणी ना कुणी त्यांच्या पुढे घुसायचंच, कारण काकूंचा चेहराच 'या, घुसा' असं म्हणणारा होता. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून त्या लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलून द्यायच्या, पडदे शिवायच्या. तिथंही आरडाओरडा करणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम आधी व्हायचं आणि गप्प बसणाऱ्याचं मागे पडायचं. काकूंना हा अन्याय दिसत होता, पण दिसणं आणि करणं यात त्यांचा नेहमीच घोळ व्हायचा.

त्यांच्या यजमानांना सगळा परिसर किल्लीकाका म्हणायचा. नाक्यावर कपाटाएवढं दुकान, त्यात किल्ल्या कापायचं यंत्र आणि स्टुलावर हे. कुणाचं कुलूप अडकलं, कुणी स्वतःलाच घराबाहेर कोंडून घेतलं, की काकांना बोलावणं यायचं. माणूस इतका विश्वासाचा, की लोक अख्ख्या घराची किल्ली त्यांच्या हातावर ठेवून गावाला जायचे. फक्त स्वतःच्या खिशातल्या नोटेशी त्यांचं पटत नसे. ती त्यांच्याकडे राहायला तयार नसायची.

हे दुखणं त्यांना समुद्रावर लागलं. कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीनं दुकानदारांना बक्षीस म्हणून जहाजाची सफर दिली होती. जहाजावर जुगाराचं दालन होतं आणि दालनात बटण दाबलं की चित्रं फिरवणारी यंत्रं होती. काकांचा हात यंत्रावर बसलेलाच. सफर संपेपर्यंत जहाजाला काका आवडले आणि काकांना जहाज. पुढच्या वर्षी आमंत्रण आलं, खोली फुकट. त्याच्या पुढच्या वर्षी खिडकीची खोली फुकट. मग सोनेरी कार्ड आलं. आता या जगात फुकट काही नसतं, पैसे आधीच गेलेले असतात एवढंच. पण हे काकांना सांगून उपयोग नव्हता, आणि काकू सांगायच्या थांबतही नव्हत्या.

मात्र त्या सोनेरी कार्डाबरोबर एक गोष्ट आली, तिनं काकूंची गोची केली. ती म्हणजे बंदरावरची मानाची रांग. बाकीचे हजारो प्रवासी बॅगा ढकलत नागमोडी उभे असायचे, पोरं रडत असायची, आणि कार्डवाल्यांसाठी एक कर्मचारी हसतमुखानं निळा दोर बाजूला करायचा. आत गालिचा घातलेली बैठक, गार पाणी, चहा, बिस्किटं. मग पुकारा व्हायचा, काकांचं आडनाव घेऊन, 'श्री आणि सौ' असा, आणि सगळ्यांच्या आधी ही दोघं जहाजावर चढायची. जहाज रिकामं असायचं. पोहण्याच्या तलावावर तरंगसुद्धा नाही, जेवणघरात घड्या न मोडलेले हातरुमाल, लांबच लांब ओसरीत एक माणूस नाही. काकू कठड्याला टेकून खालची गर्दी बघायच्या. जुगाराला त्या नावं ठेवायच्या ते मनापासून, आणि ही अर्धी घटका त्यांना आवडायची तीही मनापासून.

पुढे व्हायचं तेच झालं. दुकानातलं नवं यंत्र काकांनी गुपचूप विकलं, ते मुलीला कळलं. मुलगी दवाखान्यात नर्स, बोलायला लागली की इंजेक्शन बरं. तिनं बापाला आपल्या पोरीची शपथ घातली. "पुन्हा खेळलात तर ती तुमच्या दारात दिसणार नाही, बाबा," असं म्हणाली. नात रोज शाळेतून आजीआजोबांकडे यायची, काकांच्या शेजारी बसून जुनी कुलपं उघडायची. काकांनी शपथ घेतली आणि, कुणाला खरं वाटणार नाही, पाळली. पुढे जहाजावर गेले तेव्हाही दालनाच्या दारातून ते आत गेले नाहीत. तल्लफ यायची तेव्हा ते मोडकं कुलूप हातात घेऊन बसायचे. माणूस बदलत नाही म्हणतात, पण हा बदलला होता.

आधीच आलेल्या दोन फुकट सफरी मात्र शिल्लक होत्या. "जा, पण हात बांधून," असं म्हणून मुलीनं परवानगी दिली. बंदरावरच्या बैठकीत पाहुण्यांची सरबराई करायला एक बाई असायची, गळ्यात रुमाल, तोंडात साखर. दुसऱ्या सफरीच्या वेळी काका पाणी आणायला गेल्यावर ती काकूंना हळूच म्हणाली, "साहेब हल्ली खेळत नाहीत वाटतं. कार्ड वर्षभरच चालतं हं. मग साध्या रांगेतून यावं लागेल."

काकू त्या दुपारी खोलीत स्वस्थ बसू शकल्या नाहीत. जेवणानंतर काका घोरायला लागले. ते घोरत असताना काकूंनी त्यांच्या पाकिटातलं सोनेरी कार्ड काढलं, आपल्या विणायच्या लोकरीच्या पिशवीत टाकलं, शिलाईच्या पैशांतल्या काही नोटा घेतल्या आणि दालनात जाऊन एका यंत्रापुढे बसल्या. कार्ड यंत्रात घालायचं, त्याची दोरी आपल्या कपड्याला अडकवायची. दावणीला बांधल्यासारखी माणसं ओळीनं बसलेली. खेळणारं कोण, हे यंत्र विचारत नाही. खेळ कार्डाच्या नावावर चढतो.

काकूंचा हिशेब सरळ होता. तिकीट काढतो तसं हे मानाच्या रांगेचं तिकीट. लागतील तेवढे पैसे घालायचे आणि उठायचं. मग दर सफरीत रोज दुपारी हेच सुरू झालं. उठून खोलीत येताना त्या काठीसारख्या ताठ चालायच्या, आणि काकांनी विचारलं तर सांगायच्या, "डेकवर विणत बसले होते." नातीचा स्वेटर दोन वर्षं विणला जात होता. नात वाढत गेली, स्वेटर तेवढाच राहिला. पुढे पुढे लागतील तेवढे म्हणजे किती, याचा अंदाज सरकत गेला, आणि पडद्यांची कामं काकू जरा जास्तच घ्यायला लागल्या. पण आपण खेळतो असं त्यांना कधी वाटलं नाही. खेळायचे ते काका.

आमंत्रणं येतच राहिली. काकांना त्याचा अर्थ भलताच लागला. दुकानात बसून ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "मी खेळणं सोडलं, पण मान नाही गेला. ही मोठी माणसं, माणूस ओळखतात." कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. मुलीलासुद्धा बापाचा अभिमान वाटायला लागला. जुगार सोडलेल्या माणसाला जुगारवाले बोलावतात म्हणजे त्याच्यात काहीतरी असणार, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. काकू हे सगळं ऐकत भाजी चिरायच्या. खरं सांगितलं असतं तर रांग गेली असती आणि काकांचा तो शर्टही गेला असता. त्यांनी दोन्ही ठेवले.

यंदा आमंत्रणाबरोबर आणखी एक खोली फुकट आली. मग मुलगी आणि जावई निघाले, नातीला तिच्या दुसऱ्या आजीकडे ठेवलं. बैठकीत जावयानं बिस्किटांची बशी जवळ ओढली आणि मुलगी काकूंच्या कानात म्हणाली, "आई, खरंच किती छान ठेवतात गं तुम्हाला." काकूंना बरं वाटलं. आपली लेक आपल्याला मानाच्या जागी बसलेलं बघते आहे, याचं सुख त्यांना लपवता येत नव्हतं.

तेवढ्यात ती गळ्यात रुमाल बांधलेली बाई आली.

"या साहेब, या. मागच्या सफरीत दुपारी चांगलेच रमला होतात. म्हणून तर यंदा वरची श्रेणी दिली आमच्या लोकांनी."

"मी?" काका हसत म्हणाले. "मी तर दुपारी झोपतो."

"असं कसं? रोज दुपारी खेळ आहे तुमच्या नावावर," बाई म्हणाली आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळली.

जावयाचा हात बशीतच राहिला. मुलगी बापाकडे बघत होती. काकांनी एकदा लोकरीच्या पिशवीकडे बघितलं, एकदा काकूंकडे. काकूंनी मान खाली घातली. 

"जरा बसलो होतो," काका म्हणाले. "वेळ जात नव्हता."

"माझ्या पोरीची शपथ घेतली होतीत तुम्ही."

"घेतली होती."

"मग उतरल्यावर तिला तुमच्याकडे पाठवणार नाही मी. ठरलं होतं तसंच," मुलगी म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. काकांनी मान हलवली आणि शर्टाची कॉलर उगीच सारखी केली.

पुकारा झाला, श्री आणि सौ. निळा दोर बाजूला झाला. चौघं सगळ्यांच्या आधी चढले, एकमेकांपासून अंतर ठेवून. जहाज नेहमीसारखं रिकामं होतं, पण काकूंनी ते बघितलं नाही. मुलगी कठड्याशी उभी होती. काकू तिच्याजवळ गेल्या.

"बाबा नाही खेळले. मी खेळते. कार्ड त्यांचं, खेळ माझा."

"आई, बास."

"अगं, खरं सांगते आहे."

"खरं? बाबा मालासाठी गेलेत, बाबांना ताप आहे, बाबांचे पैसे एकानं बुडवले. हे सगळं तूच सांगायचीस ना मला? लहानपणापासून तू त्यांच्यावर पांघरूण घालत आलीस. आता तरी नको घालूस." मुलीचे डोळे भरले होते. "तुझ्यासारख्या बाईला ते यंत्र सुरू तरी करता येईल का?"

 इतकी वर्षं नवऱ्यासाठी त्या खोटं बोलल्या ते खपलं, आणि आज एकदाच खरं बोलल्या तर ते खोट्या पैशासारखं परत आलं. त्या तशाच खोलीत आल्या. काका पलंगाच्या कडेला बसले होते, बूट न काढता.

"असं का बोललात तुम्ही?"

"मी नाही म्हटलं असतं तर तिनं तुझ्याकडे बघितलं असतं," काका म्हणाले. "माझी सवय आहे तिला. तुझी नाही."

"आणि पोरगी यायची बंद होईल त्याचं काय?"

काकांनी इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण काढलं. मग म्हणाले, "मला वाटलं होतं गं, मला बोलावतात ते."

काकूंना आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. त्या पलंगावर त्यांच्याजवळ बसल्या, पण हात धरायचं धाडस झालं नाही. काका भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आज ते घोरत नव्हते.

किनारा दिसेनासा झाल्याशिवाय जुगाराचं दालन उघडत नाही, तसा नियमच असतो. दालन उघडल्याचा पुकारा झाला तशी काकू उठल्या, शेजारच्या खोलीचं दार वाजवलं आणि मुलीचा हात धरला. "चल," एवढंच म्हणाल्या. मुलगी वादही न घालता आली, आईचा हात इतका घट्ट होता.

काकू आपल्या यंत्रापुढे जाऊन बसल्या. कार्ड घातलं, दोरी अडकवली, नोट सरकवली. बोटं न बघता फिरत होती, शिलाईच्या मशीनवर फिरतात तशी. मुलगी बाजूला उभी होती. चित्रं फिरली, थांबली, पुन्हा फिरली. एवढ्यात एक वेटर आला आणि न मागता लिंबाचं सरबत ठेवलं.

"साखर नाही घातली, ताई," तो म्हणाला. "आज मुलीला घेऊन आलात? बरं केलंत. रोज एकट्याच असता."

मुलगी त्या पेल्याकडे बघत राहिली. तिची आई चहा-सरबत काहीही बिनसाखरेचंच घेते, हे घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ती खाली वाकली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"पटलं मला," ती म्हणाली. "आई, ऊठ. मी बाबांना काय काय बोलले. चल, आधी त्यांच्याकडे जाऊ. पोरीला पाठवीन म्हणून सांगते त्यांना."

"हो, हो," काकू म्हणाल्या.

"ऊठ ना."

दोन चित्रं जुळली होती, तिसरं अजून फिरत होतं. काकूंना मुलीचं बोलणं ऐकू येत होतं, समजतही होतं. काका खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले आहेत, हेही त्यांना ठाऊक होतं. तिसरं चित्र थांबलं ते भलतंच.

"तू हो पुढे," यंत्रावरची नजर न काढता काकू म्हणाल्या, "मी आलेच." आणि त्यांनी पिशवीतून आणखी एक नोट काढली.