गाडीतनगेले : एका ओळीच्या वाचनाबाबत

तक्रारदार : मी, अर्ज लिहिणारा, बैठक सेलू तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली. ज्याच्याविरुद्ध तक्रार : तोच. तारीख : पोळ्याच्या आधीचा सोमवार, दुपार. साक्षीदार तीन : एक निवृत्त शिक्षिका, त्यांचे कापड दुकानदार चिरंजीव आणि चिरंजीवांची कन्या, बारावी उत्तीर्ण. मुलीचे घर याच गावात आहे, सबब नावे दिलेली नाहीत.

माझे शिक्षण आठवीपर्यंत. तथापि मोडी मला वडिलांनी शिकवली, आणि जुने कागद वाचून घेण्यासाठी पार पूर्णेपासून लोक माझ्याकडे येतात, हे नमूद करणे अवश्य आहे.

त्या दुपारी बाईंनी पिशवीतून एक वही काढली. त्यांची पणजी एकोणिसाव्या शतकात पुण्याकडे बायकांच्या कॉलेजात राहून शिकत होती, तेव्हाची ती तिच्या हातची वही. वाद असा, की नातीला दूरच्या शहरात मुलींच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, मुदत त्याच आठवड्याच्या शुक्रवारी संपत होती आणि बाप पाठवायला राजी नव्हता. बाईंचे म्हणणे, आपल्या घरातली बाई त्या काळी कॉलेजात राहिली. चिरंजीवांचे म्हणणे, राहिली कशाची, सासरच्यांनी मधूनच उचलून आणली असेल. शेवटी वही सांगेल ते दोघांनी मानायचे ठरले.

मी चष्मा पुसला आणि थेट शेवटचे लिहिलेले पान उघडले. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ओळ सलग पळते. तिथे होते : न्यावयास गाडी आली, मामंजी फाटकात उभे, गाडीतनगेले. मी खड्या आवाजात वाचले, ‘गाडीतन गेले.’ म्हणजे गाडीत बसून गेले. आमच्याकडे असेच बोलतात.

‘झालं समाधान?’ चिरंजीव आईला म्हणाले. ‘तिला बी घरीच यावं लागलं.’

मी ते वाचन कागदावर उतरवून खाली सही-शिक्का केला. त्यांनी कागद खिशात घातला. बाई पिशवी घेऊन उठल्या. मुलगी मात्र जाताना थांबली. ‘काका, तुमी नुसतं शेवटचंच पान वाचलंत,’ ती म्हणाली, आणि वही माझ्या मेजावरच ठेवून गेली.

पुढच्या दोन दुपारी मी ती पहिल्या पानापासून वाचली. शेजारी झेरॉक्सचे मशीन घरघरत होते, कचेरीतला पुकारा चालू होता, पण सारे पाण्याखालून ऐकू यावे तसे. माझ्यासमोर एक लांब ओसरी होती. दोरीवर ओळीने लुगडी वाळत होती आणि त्यांच्या हलत्या सावलीत मुली नद्यांची नावे घोकत फिरत होत्या. एकीने जन्मात प्रथमच वहाणा घातल्या होत्या. पावलांच्या आवाजाला लाजून ती भिंतीला धरून चाले आणि बाकीच्या हसून खाली बसत. एका पानावर होते : आज पृथ्वीच्या गोलावर आपले गाव शोधिले, मिळाले नाही, बाई म्हणाल्या, आहे, परंतु शाईचा ठिपका त्याहून मोठा पडेल. चहा निवून गेला तरी मी त्या वर्गात मागच्या बाकावर बसून होतो. मी आठवीतून उठलेला माणूस. तिथून मला कोणी उठवले नाही.

आणि तिथेच मला माझी चूक दिसली. ती लिहिते, विहिरीतून पाणी काढिले. खिडकीतून डोंगर दिसतो. पेटीतून पुस्तक घेतले. सबंध वहीत प्रत्येक ठिकाणी ‘तून’, त ला स्पष्ट उकार. ‘तन’ कुठेच नाही. ते ‘तन’ तिच्या लेखणीत नव्हते, माझ्या कानात होते. शेवटच्या ओळीत त ला उकार नाही, कारण शब्द तिथेच संपतो. गाडीत न गेले.

गाडी आली, सासरा फाटकात उभा राहिला, आणि ती बसली नाही.

त्यापुढची पाने कोरी आहेत. का, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेले मी कधी लिहून दिलेले नाही.

बुधवारी संध्याकाळी दुरुस्तीचा कागद घेऊन मी स्वतः दुकानात गेलो. चिरंजीव गिऱ्हाइकापुढे थान उलगडत होते. कागद वाचून म्हणाले, ‘एका अक्षरानं काय फरक पडायलाय, काका?’

मी म्हणालो, ‘अक्षर तेच आहे. मधली जागा चुकली.’

बघू, म्हणाले, आणि कागद गल्ल्याखाली सरकवला. आज गुरुवार आहे.

सबब चिरंजीवांस नम्र विनंती की, माझ्या सही-शिक्क्याचे पहिले वाचन रद्द समजावे. वही सांगेल ते मानण्याचे आपण तीन माणसांसमोर कबूल केले आहे. त्या कबुलीप्रमाणे आपण मुलीस पाठवीत आहात की नाही, याचे उत्तर उद्या कॉलेजची कचेरी बंद होण्यापूर्वी द्यावे. ते मला न देता मुलीस दिले तरी चालेल.