सापगावच्या अंगणातली प्रार्थना

त्या वर्षी नाताळ जवळ येत होता आणि मला प्रार्थना करता येत नव्हती. करत नव्हते असं नाही. रोज सकाळी डोळे मिटायचे, ओठ हलायचे, शेवटी आमेनही म्हणायचे. पण आत काहीच हलायचं नाही. बंद घराची कडी वाजवावी आणि कोणी उघडायच्या आधी आपणच माघारी फिरावं, तसं व्हायचं. हे मी कोणाजवळ बोलले नाही. प्रार्थनेच्या आवाजातच लहानाची मोठी झालेल्या बाईने असलं काही बोलायचं तरी कोणाशी?

कारण होतं पप्पांचं आजारपण. पप्पा म्हणजे माझे वडील. नगरकडच्या एका खेड्यात ते आयुष्यभर शाळामास्तर होते, आणि पाळकसाहेब परगावी असले की रविवारची उपासनाही तेच चालवायचे. आई गेल्यावर मी त्यांना शहापूरला माझ्याकडे घेऊन आले. मी इथल्या शाळेत शिकवते, माझे मिस्टर एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, आणि धाकटा भाऊ मुरबाडला कारखान्यात. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. चर्चला जायचं तर कल्याण गाठावं लागे. त्यामुळे सणासुदीला भाऊ बायकोमुलांना घेऊन आमच्याकडे यायचा आणि आमची उपासना घरातच व्हायची. जेवणाआधी पप्पा उभे राहून एक छोटी प्रार्थना म्हणायचे. ती कुठल्या पुस्तकातली नव्हती, त्यांची त्यांनीच केलेली होती. "ज्यानं पेरलं, ज्यानं रांधलं, ज्यानं वाढलं, आणि ज्याला आज मिळालं नाही, त्या सगळ्यांवर, प्रभो, तुझा हात असू दे." लहानपणी भुकेच्या घाईत आम्हाला ती फार लांब वाटायची.

श्रावणात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागले, आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं असतं तर कदाचित सोसलं असतं. पण एक शब्द राहिला. 'तेच.' पाणी हवं असलं तरी तेच, पाठ दुखली तरी तेच, आणि नातीला जवळ बोलवायचं असलं तरी तेच. त्यांना सगळं कळत होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. सांगायला जायचे आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलेलं स्वतःच ऐकून थांबायचे. कल्याणचे डॉक्टर म्हणाले, सुरुवातीच्या महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं आपलं. ते महिने गेले आणि परत काहीच आलं नाही.

मी गोंधळून गेले होते. ज्या माणसाने उभा जन्म शब्दांचंच काम केलं, मुलांना वाचायला शिकवलं, मरणाऱ्यांच्या उशाशी बसून वचनं म्हटली, त्याचे शब्दच देवाने का काढून घ्यावेत? पाळकसाहेब म्हणाले, ही विश्वासाची परीक्षा आहे. भाऊ म्हणाला, आपण सगळ्यांनी उपास धरून प्रार्थना करू. शेजारच्या वहिनींनी मायेनेच एका देवस्थानाचं नाव सुचवलं. प्रत्येकाचं पटायचं आणि कोणाचंच पटायचं नाही. परीक्षा असेल तर ती कोणाची? त्यांची की माझी? आणि माझी असेल तर ती त्यांच्या जिभेवर का?

नाताळच्या आधीच्या रविवारी भाऊ सहकुटुंब आला. ताटं वाढली आणि सवयीने आम्ही सगळे पप्पांकडे बघू लागलो. कोणी ठरवलं नव्हतं, पण माना तिकडेच वळल्या. पप्पांनी उठायचा प्रयत्न केला. त्यांचे ओठ थरथरले. ती शांतता सहन न होऊन भावाने घाईघाईने प्रार्थना सुरू केली, तशी पप्पांनी डावा हात ताटावर आपटला. "तेच! तेच!" वरण सगळीकडे उडालं, मुलं घाबरून रडायला लागली. त्यांना स्वतःला प्रार्थना म्हणायची होती, की ती ऐकायचीच नव्हती, की आमच्या सगळ्यांचाच राग आला होता, काही कळलं नाही. भाऊ मुरबाडला परत गेला तो न जेवताच. मी फरशी पुसत होते आणि पप्पा भिंतीकडे तोंड करून पडून होते.

नाताळच्या आदल्या दिवशी मी रजा घेऊन घरी करंज्या तळत होते. पप्पा बाहेर ओट्यावर उन्हात बसले होते. मधूनमधून मी डोकावत होते. कढई उतरवून बाहेर आले तर खुर्ची रिकामी.

आधी वाटलं, शेजारी गेले असतील. मग गल्ली पाहिली, बाजार पाहिला, स्टँडवर गेले, सरकारी दवाखान्यात जाऊन आले. डेपोत मिस्टरांना निरोप दिला. ते पोलीस चौकीत गेले. भावाच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, तिथे बूथवरून कळवलं. ज्याचं बोलणं कोणाला समजत नाही अशा माणसाला कोणी विचारणार काय आणि तो सांगणार काय? मुरबाडकडे जाणाऱ्या जीप जिथे लागतात तिथे शेवटी एक ड्रायव्हर म्हणाला, "एक बाबा बसले होते ना सकाळच्या टायमाला. कुठं जायचाय विचारला तर नुसता तेच तेच. मला वाटला सापगावचे असतील, सगळे उतरले तिथं तेपन उतरले."

मी रिक्षा करून निघाले. सापगावला भातसा नदीवरचा पूल लागतो. पुलावर रिक्षा आली आणि माझी नजर खाली पाण्यावर गेली. भिंतीकडे तोंड करून पडलेले पप्पा डोळ्यांसमोर आले. मी डोळे मिटले आणि मला मागताच येईना. सुखरूप परत दे म्हणू? कशाला, पुन्हा त्या एका शब्दात कोंडून राहायला? की सोडव त्यांना म्हणू? असं कसं म्हणू, मी त्यांची मुलगी आहे. दोन्ही वाक्यं तोंडात अर्धी राहिली. त्या पुलावर मी काय मागितलं हे मला आजही सांगता येत नाही.

पूल ओलांडून मी उतरले आणि दिसेल त्याला विचारत चालले. एका घराच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. तिथून एका बाईने लांबूनच हाक मारली, "ओ बाई, म्हाताऱ्या बाबाला बघताव का? हिकडं या. आमच्यात हाय तो."

तिचं नाव काशीबाई. साठीला टेकलेली, कमरेला पदर खोचलेला, केसांत पेंढ्याचा भुसा. अंगणात गोणपाटावर पप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि काशीबाईची लेक त्यांच्या हातावर पाणी घालत होती. ती बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. पप्पांनी मला पाहिलं आणि अर्ध्या तोंडाने हसले. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले.

"रडू नको गो," काशीबाई म्हणाली. "जेवलाय तो. पोटभर जेवलाय. आमचे हे पुलावरून येत व्हते, तर हा उन्हात उभा, पान्याकडं बघत. हात धरून आनला."

मी तिला सांगितलं, "यांना बोलता येत नाही हो. म्हणून त्यांनी काही सांगितलं नाही."

काशीबाईने नवऱ्याकडे पाहिलं. म्हातारा झोडणी थांबवून जवळ आला होता. "बोलतो ना," ती म्हणाली. "आमाला पन पयला मुकाच वाटला. आल्यापासून नुसता तेच तेच. मंग ताट ठेवला म्होरं, तर डोळे मिटले नि बोलला. सरळ बोलला, मास्तर बोलतो तसा."

"काय बोलले?"

"आता आमाला काय तुमचा सगळा ध्यानात राहतो? ज्यानी पेरला, ज्यानी रांधला, ज्यानी वाढला..." ती अडली. तिची लेक मागून म्हणाली, "नि ज्याला आज मिळाला नाय."

"हां, ज्याला मिळाला नाय. त्यांच्यावर हात असू दे म्हनला. हे तर हात जोडून उभेच राहले. म्हनले, आपल्या भाताला कोनी असा कधी बोलला नाय."

ते शब्द आमच्या घराबाहेर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मी पप्पांसमोर गुडघे टेकून बसले. "पप्पा, म्हणा ना. एकदा म्हणा, मला ऐकायचंय." त्यांनी माझ्या तोंडावरून डावा हात फिरवला. ओठ हलले.

"तेच," ते म्हणाले.

आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण त्याच्या पाठोपाठ असं काही आलं की माझी मलाच लाज वाटली. मला हेवा वाटला. चार महिने मी त्यांना भरवलं, अंघोळ घातली, रात्री उठून कूस बदलली. आणि जे शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते ते देवाने एका परक्या अंगणात सांडले. का? हे त्याचं देणं होतं की थट्टा?

घरी आलो तर भाऊ मुरबाडहून मोटारसायकलवर येऊन थांबला होता. त्याने ऐकलं आणि पप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. तो म्हणाला, चमत्कार झाला, चर्चमध्ये साक्ष द्यायची. मिस्टर म्हणाले, "असेल. पण मग आपल्याकडे का नाही बोलले?" पुढे डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं कधीकधी, जन्मभर म्हटलेली वाक्यं मेंदूत वेगळ्या जागी राहतात, अवचित बाहेर येतात, त्याला सुधारणा समजू नका. डॉक्टरांचं खोटं नसेल. भावाचंही नसेल. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे टक लावून बसायचो आणि त्या अंगणात त्यांच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती, हेही मनात येऊन गेलं. पण नेमकं त्या घरी, त्या ताटावर का, याचं उत्तर यातल्या कशातच नव्हतं.

नाताळच्या दिवशी आम्ही मुद्दाम पप्पांकडे पाहिलं नाही. तरी सगळे चोरून वाट बघत होते. ते बोलले नाहीत. भावाने सावकाश प्रार्थना केली, पप्पांनी मान खाली घातली आणि मग शांतपणे जेवले. दुसरी करंजी मागून घेतली.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. पण नव्या वर्षात एका सकाळी काशीबाई दारात उभी राहिली. घामाघूम, अनवाणी. लेकीला पहाटेच शहापूरच्या दवाखान्यात आणलं होतं, मूल आडवं होतं, ठाण्याला न्यायला गाडी बघत होते. कोणाला तरी विचारत विचारत ती आमचं घर शोधत आली होती.

"बाबाला सांग गो," ती म्हणाली. "तवा बोलला तसा माझ्या पोरीसाठी बोल म्हनावा."

पप्पांनी सगळं ऐकलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, चेहरा लाल होईपर्यंत धडपडले. "तेच," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काशीबाईनेही पाहिलं. "मंग तू बोल," ती म्हणाली.

मी काय बोलणार होते? माझ्याकडे ना विश्वास उरला होता ना शब्द. पण ती बाई वाट बघत होती आणि नाही म्हणायची सोय नव्हती. मी तिचा हात धरला. म्हटलं, "प्रभो, मला काही कळत नाही. तू केव्हा ऐकतोस, कोणाचं ऐकतोस, मला माहीत नाही. ही आई आली आहे. तिची मुलगी तिकडे आहे. तू बघ." एवढंच. आमेन म्हणायचंही राहिलं. काशीबाईचा हात मी तसाच धरून ठेवला. आणि कित्येक महिन्यांनी मला वाटलं की आपण कोणाशी तरी बोललो.

मग आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. गाडी आली, तिला ठाण्याला नेलं, ऑपरेशन झालं. मुलगी झाली. बाळंतीण आणि बाळ दोघी वाचल्या. हे माझ्या प्रार्थनेने झालं असं मी म्हणत नाही. तिथल्या डॉक्टरांनी केलं, वेळेवर मिळालेल्या गाडीने केलं. काशीबाई मात्र बारशाला आम्हाला घेऊन गेली आणि पप्पांच्या मांडीवर आपली नात ठेवली. ते तिच्याशी किती तरी वेळ बोलत होते, त्याच एका शब्दात, वर खाली सूर लावत, आणि ती डोळे मोठे करून ऐकत होती.

पप्पा त्यानंतर दीड-दोन वर्षं होते. ती प्रार्थना मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकली नाही, आणि पुढे पुढे ऐकायचा हट्टही सुटला. आधी मला वाटायचं, देवाने काय केलं ते समजलं की मी त्याचे आभार मानीन. आता समजण्याची अट मी काढून टाकली आहे. उन्हात उभ्या असलेल्या माझ्या वडिलांचा कोणीतरी हात धरला, त्यांना सावलीत बसवलं, जेवू घातलं. बाकीचं त्याचं त्याला माहीत.

आजही सकाळी डोळे मिटते तेव्हा पुष्कळदा काय म्हणायचं ते सुचत नाही. पूर्वी मी अशा वेळी घाबरून पाठ केलेलं काहीतरी म्हणून मोकळी व्हायचे. आता सांगते, "मला कळत नाही, तू बघ," आणि तशीच बसून राहते. उठायची घाई करत नाही.